लेओकाडिया मामीचे एकवीस पॉइंट

चूक चीजची होती, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. आमच्या मीनास प्रांताचं चीज पांढरं, ओलसर आणि लहानशा पोळपाटाएवढं गोल असतं. त्या दिवशी एका डॉक्टरांच्या बायकोने ते मला कौतुकाने दिलं आणि मी ते गाडीत बाजूच्या सीटवर ठेवलं. शेजारी माणूस असता तर मी त्याला पट्टा लावायला सांगितलं असतं. चीजला सांगायचं काही सुचलं नाही. शाळेच्या उतारावर वळण आलं, चीज घरंगळलं, मी एका हाताने त्याला धरायला वाकलो आणि वाकता वाकता माझा उजवा पाय जिथे होता तिथेच आणखी खोल गेला. तिथे चाळीसची हद्द होती. खांबावरच्या कॅमेऱ्याने मला बावन्नवर टिपलं.

चीज वाचलं. मीही वाचलो. त्या बावन्नची शिक्षा माझ्या मामीने भोगली. ती कशी, ते सांगायला बसलो आहे.

तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं. वर गाडीच्या पाठीचा फोटो आणि खाली एक रकाना: त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? नाव, लायसन्सचा नंबर, लायसन्सची झेरॉक्स, गाडीच्या मालकाची सही, चालवणाऱ्याची सही. मुदत पंधरा दिवस. ज्या साहेबाने हा रकाना छापला त्याचा हेतू भलाच असणार. गाडी बापाची आणि चालवली मुलाने, तर शिक्षा मुलाला व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं. पण रिकामी जागा दिसली की माणूस तिथे स्वतःचंच नाव लिहील, अशी खात्री फक्त सरकारलाच वाटू शकते.

नुसता दंड असता तर भरून मोकळा झालो असतो. दंडाबरोबर पॉइंट येतात. किरकोळ चुकीला तीन, मध्यम चुकीला चार, गंभीरला पाच, अतिगंभीरला सात. चुकीला वर्ष झालं की तिचे पॉइंट गळून पडतात. पण एका वर्षाच्या आत वीस साठले की लायसन्स निदान सहा महिने जमा. आता नियम थोडे सैल झालेत. मी सांगतोय ते वीसच्या जमान्यातलं. माझ्या नावावर तेव्हा सतरा होते. औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन मी गावोगावच्या डॉक्टरांकडे फिरतो. लायसन्स गेलं की नोकरी गेली, मधलं स्टेशन नाही.

अशा वेळी आमच्या गावात जे करतात तेच मी केलं. पत्र खिशात घातलं आणि लेओकाडिया मामीकडे गेलो.

मामीकडे लायसन्स होतं आणि मामी गाडी चालवत नव्हती. कुठल्याही कुटुंबात असं एखादं माणूस असलं की त्याला सोन्याचा भाव येतो. आमच्या पेद्रा मिउदा गावात प्रत्येक घराला अशी एक कुणीतरी होती. कुणाची आजी, कुणाची विधवा आत्या. या बायका रेशमी रुमाल बांधून रविवारी प्रार्थनेला जात आणि सरकारदरबारी त्यांची नोंद अशी, की यांनी सिग्नल तोडले, यांनी फोनवर बोलत गाड्या हाकल्या, यांनी रुग्णवाहिकेच्या जागेत ट्रक लावले. आमच्या मामीने तर सोय म्हणून लायसन्सच्या झेरॉक्स आधीच काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. जायचं, कॉफी प्यायची, डब्यातली एक झेरॉक्स घ्यायची, सही घ्यायची, निघायचं.

त्या दिवशी मामी पिठाने माखलेल्या हातांनी चीजचे गोळे वळत होती. मी पत्र टेबलावर ठेवलं.

“ये रे निवाल्दो. कॉफी किटलीत आहे. काय केलंस?”

“मी नाही गं. चीजने केलं.”

मी सगळी हकिगत रंगवून सांगितली. मामी हसली. मग हात पुसले, पेन घेतलं आणि विचारलं, “किती?”

“काय किती?”

“पॉइंट रे. यात किती आहेत?”

पत्रात पाच असल्याचं मला माहीत होतं. पण लहान मुलाला इंजेक्शन देताना आपण काय सांगतो? तसंच माझ्या तोंडून गेलं, “तीन.”

“नक्की तीन?”

“अगं, किरकोळ आहे. मुंगी चावल्यासारखं.”

मामीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ओठ हलले. मला वाटलं, माझ्यासाठी प्रार्थना करतेय. चष्मा शेजारच्या खोलीत होता, तो आणायला ती उठली नाही. शाळेत शिकवलेल्या गोल गोल अक्षरात तिने सही केली. मी आधी भाजून ठेवलेले चार गोळे खाल्ले, दोन खिशात घातले आणि निघालो.

मामी आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. एकोणतीस वर्षं रोज तीनशे मुलांचा भात आणि राजमा. मळ्यांवरच्या मुलांना घेऊन येणारी बस दुपारपर्यंत शाळेच्या मैदानात उभी असायची आणि तिच्या ड्रायव्हरला दुसरं काम नसायचं. मामी तेव्हा चाळिशीला आलेली. भात शिजत असेपर्यंतच्या वेळात ती त्या बसवर गाडी शिकली. फुटबॉलच्या दोन खांबांमधून बस उलटी काढायची, हा तिचा रोजचा धडा. मग परीक्षेला छोटी गाडी मिळाली तेव्हा तिला ती खेळण्यातली वाटली असणार. पहिल्याच फटक्यात पास. त्याच दिवशी, त्याच मैदानात, बेलार्मिनो मामा तिसऱ्यांदा नापास झाले; त्यांनी गाडी लावायच्या परीक्षेत खांबच आडवा केला. पाचव्या वेळी ते पास झाले आणि त्यांनी फियाट घेतली. मग स्टिअरिंगवर कोण बसणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्या काळात आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता.

सव्वीस वर्षं मामी शेजारच्या सीटवर बसली, मांडीवर थर्मास घेऊन. पण गाडी चालायची ती मामीच्या आवाजावर. आम्ही पोरं मागे बसून ऐकायचो.

“दुसरा टाक. आता तिसरा. बेलार्मिनो, क्लच!”

“मला माहीत आहे!”

“माहीत आहे तर दाब ना.”

तरी दर पाच वर्षांनी मामी डोळे तपासून घ्यायची, फोटो काढायची आणि लायसन्स नवं करून आणायची. मामा विचारायचे, “तुला कशाला गं हे?” मामी म्हणायची, “असू दे.”

त्या लायसन्सवर पहिले पॉइंट पडले ते मामांचेच. बाजाराजवळचा लाल सिग्नल होता. मामांनी फॉर्म पुढे सरकवला आणि मामीने सही केली. नवऱ्याचा शर्ट धुतात तशी. मग भाच्यांना वाट सापडली. जुरांदिर टॅक्सी चालवतो. त्याची बहीण मार्लूसी केस कापायचं दुकान चालवते आणि रस्त्यात दिसेल त्या जागी गाडी लावते. मी तिसरा. मामा गेले तेव्हा आम्ही तिघांनी मिळून फियाटवर जुनी चादर घातली आणि मामीला सांगितलं, काही लागलं तर हाक मार. हे आम्ही मनापासून म्हणालो होतो. मामीने हाक मारली नाही, तेव्हा आम्ही मनापासून विसरलो.

माझ्या सहीनंतर पाच महिन्यांनी मार्लूसीचा फोन आला. मामीला वाहतूक खात्याचं पत्र आलंय, जाड आहे, लगेच ये.

आम्ही तिघे मामीच्या स्वयंपाकघरात बसलो. पत्रात लिहिलं होतं: एकूण एकवीस पॉइंट, लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित, कार्ड जमा करावं, तीस तासांचा वर्ग करून परीक्षा द्यावी. मामीच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या चुका ओळीने छापल्या होत्या. जुरांदिरचे सात, गाडी चालवताना हातात फोन. मार्लूसीचे पाच, फूटपाथवर गाडी. मार्लूसीचेच चार. आणि शेवटी माझं चीज.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाची समजूत अशी होती, की मामीचं लायसन्स रिकामं आहे आणि आपण एकटेच तिथे पाय ठेवतोय. एकाच घरातले तिघे, रविवारी एकाच टीव्हीसमोर बसणारे, पण कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी लग्नात सांगत नाहीत आणि मयतीलाही सांगत नाहीत.

जुरांदिरने आधी स्वतःला सावरलं. “मामी, घाबरू नकोस. यात घाबरण्यासारखं काही नाही. तुला लायसन्स लागतंय कुठे? भिंतीवरच्या तसबिरीसारखं ते.”

“रविवारी लागतं,” मामी म्हणाली.

“रविवारी? कशाला?”

“ओंदिनाकडे जायला.”

ओंदिना ही मामीची मोठी बहीण. घाटावर, सेर्रा आल्तामध्ये, वृद्धाश्रमात असते. चार वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मार्लूसीने विचारलं, “हो, पण तुला नेतं कोण?”

“मी जाते.”

“अगं पण गाडी कोण चालवतं?”

“सांगितलं ना. मी.”

जुरांदिर उठून मागच्या शेडमध्ये गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “टायर नवे आहेत,” तो हळूच म्हणाला.

तीन वर्षं. दर रविवारी सकाळी सहाला, आम्ही झोपलेलो असताना, मामी चादर काढायची, चादरीची घडी घालायची आणि अडुसष्ट किलोमीटर घाट चढायची. आम्ही फुटबॉल बघत असताना परत यायची, पुन्हा चादर घालायची. तीन वर्षांत तिच्या स्वतःच्या चुकीचं एकही पत्र आलं नव्हतं.

“आम्हाला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“विचारलं का कुणी?”

मग तिने चष्मा लावला आणि त्या कागदावर बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. “माझ्या मोजणीत एकोणीस होत होते. आधीचे सोळा. निवाल्दोचे तीन. विसाच्या आत बसत होतं. मार्लूसीचे चार पुढच्या महिन्यात जाणार होते, मग पुन्हा जागा झाली असती.” बोट खाली सरकलं. “इथे एकवीस लिहिलंय.”

जुरांदिर माझ्याकडे वळला. “निवाल्दो, तुझे किती होते रे?”

“पाच,” मी म्हणालो.

मामी उठली. भट्टी उघडली, ट्रे बाहेर काढला, चीजचे गोळे फडक्यात घेतले आणि आमच्या तिघांच्या पुढ्यात ठेवले. मी आयुष्यात पहिल्यांदा ते नुसते बघत बसलो.

मार्ग काय, यावर बरीच चर्चा झाली. मार्लूसी म्हणाली, अर्ज करून कळवू या की मामी गाडीत नव्हतीच. जुरांदिर म्हणाला, “म्हणजे खोट्या सह्या केल्या असं लिहून द्यायचं. तो गुन्हा आहे, बाई. तुझा, माझा, याचा. आणि मामीचाही. सही तिचीच ना?”

मी म्हणालो, “मी माझ्यापुरतं खरं सांगतो.” पहिल्यांदा उभा राहून म्हणालो. दुसऱ्यांदा बसून म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. डोळ्यांसमोर औषधांची बॅग येत होती.

शेवटी जुरांदिरने टॅक्सीवाल्याचा सल्ला दिला. “मामी, तू जात राहा तशीच. रविवारी सकाळी सहाला घाटात कोण अडवणार आहे तुला? पोलीसही झोपलेले असतात.”

“आणि अडवलं तर?”

“तर... मग लायसन्स रद्द. दोन वर्षं.”

“ओंदिनाकडे दोन वर्षं नाहीत,” मामी म्हणाली. “सहा महिने असतील. बघू या.” तिने पत्राची घडी केली. “सही माझी आहे. उद्या कार्ड देऊन येते.”

आणि आली देऊन. पायी गेली, पायी आली.

वर्ग आमच्या गावात संध्याकाळी भरायचा, एका ड्रायव्हिंग स्कूलच्या माडीवर. मी तिला सोडायला आणि आणायला जायचो. तेवढं तरी करावं म्हणून. जिन्यात उभा राहून दारातून ऐकायचो. वर्गात मोटरसायकलवाली पोरं, दोन ट्रकवाले, एक वकील आणि शेवटच्या बाकावर एकोणसत्तर वर्षांची मामी, पर्स मांडीवर घेऊन. शिक्षक तरुण होता. त्याने प्रत्येकाला विचारलं, काय केलंत म्हणून इथे आलात? पोरांनी फुशारकीने सांगितलं. मामीची पाळी आली. ती उभी राहिली.

“हातात फोन घेऊन गाडी चालवली. फूटपाथवर लावली. दारात उभी करून दुसऱ्याची वाट अडवली. शाळेच्या उतारावर वेगात गेले.”

सगळ्यांनी माना वळवल्या. मग एक पोरगा ओरडला, “वा आजी! आमच्यापेक्षा तुम्हीच जोरात!” टाळ्या पडल्या. शिक्षक हसला नाही. त्याने मामीकडे बघितलं, मग दारातून माझ्याकडे बघितलं. असले वर्ग घेणाऱ्याला आज्या काही नव्या नसणार. तो अदबीने म्हणाला, “बसा, दोना लेओकाडिया.” पुढे तीस तासांत त्याने तिला एकदाही प्रश्न विचारला नाही. परीक्षेत तीस प्रश्न होते. मामीचे तीसच्या तीस बरोबर आले. वकील एकवीसवर काठाने पास झाला.

ही गंमत झाली. रविवारचं मात्र गमतीत सांगता येत नाही.

कार्ड जमा केलं त्या रविवारी जुरांदिर मामीला नेणार होता. त्याला विमानतळाचं भाडं लागलं. पुढच्या रविवारी मार्लूसी नेणार होती; तिच्या दुकानात केस करायला नवरी आली. सेर्रा आल्ताला बस जाते ती मंगळवारी आणि शुक्रवारी, रात्री तिथेच राहते, सकाळी उतरते. आणि वृद्धाश्रमात भेटीला सोडतात ते फक्त रविवारी. तिसऱ्या रविवारी मी सहज मामीच्या घरावरून गेलो. सकाळचे नऊ झाले असतील. मामी चांगले कपडे घालून, पर्स घेऊन, पायरीवर बसली होती. कुणीच येणार नव्हतं. त्या रविवारी तर कुणी कबूलही केलं नव्हतं.

“कुणाची वाट बघतेयस?”

“कुणाची नाही. तयार व्हायची सवय आहे.”

मी घरी जाऊन गाडी घेऊन आलो. त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही. तेवीस रविवार.

मी घाटात गाडी चालवतो हे मामीला फारसं पसंत नव्हतं. “तिसरा टाक,” ती शेजारून म्हणायची. मला बेलार्मिनो मामांची आठवण यायची आणि आपण त्यांच्या सीटवर बसलोय याची लाजही वाटायची. सतरा पॉइंट डोक्यावर असल्यामुळे मी बैलगाडीच्या वेगाने जायचो. मागून ट्रक हॉर्न मारायचे. त्या वेगाने मामीला बोलायला पुष्कळ वेळ मिळायचा.

तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. ओंदिना तेव्हा अकराची. ओंदिनाने शाळा सोडली आणि धाकटीला शाळेत घातलं. शाळेचे गणवेश शिवून दिवस काढले, लग्न केलं नाही. “मी गाडीच्या परीक्षेला बसणार म्हटल्यावर बेलार्मिनो हसले,” मामीने एकदा सांगितलं, “ओंदिना हसली नाही. तिने मला निळा झगा शिवला. त्याला आतून एक खिसा लावला. मी म्हटलं, हा कशाला? तर म्हणाली, लायसन्स ठेवायला. परीक्षा अजून व्हायची होती.”

एवढं सांगून मामी बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “दुसरा. चढ आलाय, दिसत नाही का?”

वृद्धाश्रमात ओंदिनाची खोली कोपऱ्यात होती, खिडकीतून कॉफीचे मळे दिसायचे. मामी गेल्यावर आधी तिचे केस विंचरायची. बारीक, पांढरे केस, कंगव्यात न अडकता सुटायचे. ओंदिना खिडकीकडे बघत असायची. शब्द नाही, हुंकार नाही. नर्सने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या काही बोलत नाहीत, डॉक्टरांनी कधीच आशा सोडलीय. मला फार वाईट वाटलं. मग मी ठरवलं, की आपल्याला देवाने जी एक कला दिली आहे ती इथे वापरायची. मी खुर्ची ओढून दोघींच्या मध्ये बसायचो आणि बोलायचो. डॉक्टरांचे किस्से सांगायचो, आमच्या गावच्या पाद्र्याची नक्कल करायचो, पेरूच्या वडीचे तुकडे करून द्यायचो. चीजची गोष्ट तर चार वेळा सांगितली असेल. मामी कधी हसायची. ओंदिना माझ्याकडे बघायची, पुन्हा खिडकीकडे वळायची. मी म्हणायचो, बघ मामी, ऐकतेय, सगळं कळतंय तिला.

“निवाल्दो,” मामी कधी कधी म्हणायची, “जरा कॉफी घेऊन ये.”

मी धावत जायचो आणि तीन कप घेऊन दोन मिनिटांत हजर. कधी म्हणायची, “अंगणात फिरून ये रे, पाय मोकळे कर.” मी म्हणायचो, “छे, मला काय कंटाळा आलाय? तुम्हाला सोडून कुठे जाऊ?” मनात वाटायचं, बिचारी माझा किती विचार करते. बारा वाजता जेवणाची घंटा व्हायची, भेटीची वेळ संपायची. मामी बहिणीच्या कपाळावर ओठ टेकायची आणि आम्ही घाट उतरायला लागायचो. उतरताना मामी फार बोलायची नाही. मी तीही बाजू सांभाळायचो.

सहा महिने संपत आले तसं माझं मन बरंच हलकं झालं होतं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूष होतो. पाच आणि तीनमधला फरक मी तेवीस रविवारांत भरून काढला, अशी माझी समजूत झाली होती. जुरांदिरला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, “तुझं बरंय बाबा.” मार्लूसीने नवीन फलक लावला होता: ग्राहकांनी गाड्या फूटपाथवर लावू नयेत. खाली तिची स्वतःची गाडी उभी.

मार्च महिन्यात मामीचं कार्ड परत आलं. त्या शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. शेडचं दार उघडं होतं. चादर काढून घडी करून ठेवलेली. मामी फियाटच्या टायरमध्ये हवा भरत होती, पायाने दाबायच्या पंपाने, हळूहळू, एकेक चाक. ओंदिनाची तब्येत आमच्याकडे जूनमध्ये येतो तो हिवाळा जवळ आल्यावर नीट राहील की नाही, याबद्दल नर्सने गेल्या रविवारी मला बाजूला घेऊन काही सांगितलं होतं. मी ते मामीला सांगितलं नव्हतं. मामीला ते माहीत असणार. तिच्या पंप दाबण्यावरून मला तसं वाटलं.

मी पंप तिच्याकडून घेतला आणि शेवटचं चाक भरलं. ती उभी राहून बघत होती.

“मामी,” मी म्हणालो, “तू म्हातारी झालीस, घाट लांबचा. कार्ड आलं म्हणून काय झालं? मला आता सवय झालीय. ओंदिनालाही झाली असेल माझी. उद्या मीही येतो तुझ्याबरोबर.”

“नको,” मामी म्हणाली, “तू असलास की ओंदिना बोलत नाही.”